विकताना का नाय सांगितला?

वेणू घरत रागीट बाई होती आणि हे तिला स्वतःलाही मान्य होतं. उलव्याच्या जुन्या गावात आता प्रत्येक गल्लीच्या टोकाला एखाद्या टॉवरचा सांगाडा उभा दिसतो. तिथं नवख्या माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "सरळ जा, जिथं मोठ्यानं बोलणं ऐकू येईल ते वेणूकाकीचं घर." लहानपणी ती आईबरोबर मिठागरावर राबली होती. मुकादमानं एकदा आईच्या भरल्या टोपलीला लाथ मारली, तर ही परकरातली पोर फावडं घेऊन त्याच्या अंगावर धावून गेली. आईनं घरी नेऊन तिलाच बदडलं. पण मुकादम पुन्हा त्या टोपलीजवळ फिरकला नाही आणि वेणूनं त्यातून जो काय धडा घ्यायचा तो घेतला.

मिठागरं गेली, भराव पडले, बांधकामं आली. वेणूनं खानावळ काढली. साइटवरचे इंजिनिअर, सुपरवायझर, क्रेन चालवणारे, सगळ्यांना तिच्या हातचं मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी लागायची. नवरा भगवान शांत माणूस. मासळी साफ करायची, नारळ खवायचे आणि बायको बोलत असताना मान डोलवायची, हे त्यानं आनंदानं पत्करलं होतं. डबे पोचवायला रिक्षावाले नखरे करू लागले तेव्हा पन्नाशीला टेकलेली वेणू गाडी शिकायला गेली. पहिला शिकवणारा म्हणाला, "काकी, तुमच्याच्यानं नाय व्हायचं." त्याला तिथंच रस्त्यावर सोडून तिनं दुसरा मास्तर गाठला आणि लायसन मिळाल्यावर पेढे मात्र पहिल्याला नेऊन दिले, चार शब्द सुनावून.

गाडी पसंत केली ती मुलानं, दीपेशनं. पनवेलच्या शोरूममधला विक्रेता तोंडाचा गोड होता. "काकी, छोटं इंजिन, पण ताकद बघा. तीनच सिलिंडर, एक हजार सीसीला एक कमी, टर्बो लावलाय, एकशे वीस हॉर्सपॉवर. डायरेक्ट इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. थेंब वाया नाही. शहरात फिरायला यासारखी दुसरी गाडी नाही." वेणूला त्यातलं 'शहरात फिरायला' एवढं पक्कं कळलं, आणि तिला तेवढंच हवं होतं. घर ते साइट, साइट ते मासळी बाजार, बाजार ते घर. दोन-तीन किलोमीटर जायचं, डबे उतरवायचे, पुन्हा निघायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर सकाळी गाडी सुरू करताना इंजिन हिसके देऊ लागलं. अंगात ताप भरलेल्या माणसासारखं थरथरायचं, मग दोनेक मिनिटांनी आपोआप निवायचं. वेणू शोरूमच्याच सर्व्हिस सेंटरला गेली. तिथं गाडी पोचेपर्यंत गरम झालेली, त्यामुळे तिथं ती अगदी शहाण्यासारखी चालायची. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि गाडी धुऊन परत दिली. दुसऱ्या खेपेला सांगितलं, पेट्रोल खराब भरलं असेल, भरायचा पंप बदला. ती दुसऱ्या पंपावर भरू लागली. तिसऱ्या खेपेला तिनं बॉनेटखालून येणाऱ्या टकटक आवाजाची तक्रार केली, तेव्हा काउंटरवरचा मुलगा हसला. "काकी, तो इंजेक्टरचा आवाज. या इंजिनात असतोच." तो खरंच असतो. पण तो हसला, आणि ते हसणं वेणूच्या डोक्यात बसलं.

गावातला मेकॅनिक विठू. दुचाकी, टेम्पो, जुन्या गाड्या यांत त्याचा हात साफ. त्यानं टाकीत इंजिन साफ करायचं औषध ओतलं. काही फरक पडला नाही. मग त्यानं मोबाइलवर शोधून तिला दाखवलं.

"काकी, यो बघा. आपल्या जुन्या गाड्यांत पेट्रोल वाल्व्हच्या मागं फवारतात. मंग वाल्व्ह रोजच्या रोज धुतला जातो. तुमच्या गाडीत पेट्रोल सरळ आत जातं, वाल्व्हला शिवत पन नाय. म्हून तेलाची वाफ बसून बसून त्यावर कार्बन चढतो, तव्याच्या बुडाला चढतो तसा. माजा औषध तिथं पोचलाच नाय."

"मंग साफ कसा करायचा?"

"वरचा भाग खोलून, अक्रोडाच्या सालीचा भुगा हवेच्या जोरानं मारतात. माज्याकडं ती मशीन नाय."

वेणूनं ठरवून टाकलं की रोग सापडला. कार्बन. आता अक्रोड मारून घ्यायचं. पण गिऱ्हाइकांची घाई आणि सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं, त्यात ते राहून गेलं.

सून समीक्षा सातव्या महिन्यात होती. त्या दिवशी तपासणीला पनवेलला जायचं होतं आणि दीपेशला सुट्टी मिळाली नाही, म्हणून वेणूच घेऊन निघाली. कळंबोलीचा पूल चढताना डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि गाडीतला जीव गेला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं सरकायची. मागून कंटेनरचा ट्रेलर येत होता. त्याचा भोंगा वाजला, मग ब्रेक किंचाळले, आणि काचेत त्याचं तोंड एवढं मोठं झालं की बाकी काही दिसेना. समीक्षानं दोन्ही हात पोटावर धरले. ती ओरडली नाही. नुसतं "आई" म्हणाली.

ट्रेलर आरशाला घासून पुढं गेला. वेणूनं गाडी कशीबशी कडेला घेतली. ड्रायव्हरनं खाली उतरून शिव्या दिल्या. वेणूनं त्याला दुप्पट दिल्या. पण देता देता तिच्या लक्षात आलं की या माणसानं तर आपल्याला वाचवलंय, आणि आपले हात स्टिअरिंगवरून निघत नाहीयेत. त्याचाही राग आला तिला. आपल्या हातांचा.

रिक्षानं गाठलेल्या दवाखान्यात बाळाचे ठोके व्यवस्थित लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. समीक्षाला भामा नावाच्या तिच्या आत्येबहिणीकडे सोडून वेणू रिक्षानं पुन्हा पुलाकडं आली. टोइंगच्या गाडीमागं, दुसऱ्या रिक्षात बसून, तिची वरात सर्व्हिस सेंटरला पोचली.

तिथल्या सर्व्हिस मॅनेजर होत्या आभा मॅडम. पस्तिशीच्या, नीटस, आवाज कधी चढत नाही अशा. वेणूनं काउंटरवर किल्ली आपटली.

"माज्या वाल्व्हवर कार्बन चढलाय. अक्रोड मारा, आता मारा. माजी सून मरता मरता वाचली आज."

"काकू, आधी शांत व्हा. पाणी घ्या."

"मना पानी नको. शांत व्हायला मी काय उकळतंय?"

हॉलमधले लोक वळून बघू लागले. आभानं संगणकावर काहीबाही पाहिलं. "काकू, तुमची गाडी रोज खूप कमी अंतर चालते. दोन-तीन किलोमीटरमध्ये या इंजिनला पुरतं गरमच होता येत नाही. थंड इंजिनात थोडं पेट्रोल तेलात मिसळतं, कार्बनही जास्त बसतो. शिवाय तुम्ही कमी वेगात वरचा गिअर टाकून दाबता. टर्बो इंजिनला ते चालत नाही, आत अवेळी स्फोट होतात. आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेवर लांब न्या. हा ड्रायव्हिंग पॅटर्नचा प्रश्न आहे, गाडीचा नाही."

हे खरं असावं असं वेणूला वाटलं. आणि मग आला तो राग साधा नव्हता.

"मंग विकताना का नाय सांगितला?"

"म्हणजे?"

"मी त्याला बोललेली, डबे पोचवायचे हायत, दोन-तीन किलोमीटर. तो बोलला, शहरासाठी यासारखी गाडी नाय. आता तू बोलतंस, शहरात फिरवली म्हून बिघडली. तुमच्यापैकी खोटा कोन बोलतो, तो का तू?"

आभानं नुसतं 'बघतो आम्ही' म्हटलं. तेवढ्यात निरोप मिळालेला दीपेश धापा टाकत आला. आभा त्याला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. बाहेर बसलेल्या वेणूला मुलाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"सॉरी मॅडम. आईचा स्वभावच तसा आहे. तिचं बोलणं मनावर घेऊ नका."

मुकादमापासून आजवर वेणूला कित्येकांनी गप्प बसायला सांगितलं होतं. पण तिच्या वतीनं माफी आजवर कुणी मागितली नव्हती. दीपेश बाहेर आला तेव्हा त्याला वाटलं होतं की आता आई फुटणार. आई एवढंच म्हणाली, "तू भामाकडं जा. बायकोजवळ बस." त्या थंड आवाजानं दीपेश जास्त हादरला. तो गेला.

मग वेणूनं आभाला सांगितलं, "गाडी इथंच राहील. सकाळी मी आल्याशिवाय कोनी चावी लावायची नाय. गार इंजिन माज्या डोल्यांसमोर सुरू करा."

सकाळी वर्कशॉपचं शटर उघडायच्या आधी ती दारात होती. सोबत भगवान, हातात चहाचा थर्मास घेऊन. तो काही बोलायला आला नव्हता, पण आला होता. भावेश नावाच्या टेक्निशियननं चावी फिरवली. इंजिन बराच वेळ नुसतं घरघरलं, मग पेटलं आणि सगळी गाडी गदागदा हलायला लागली. भावेशच्या कपाळावर आठी पडली. त्यानं इंजिन बंद केलं, थोडं थांबला, तेलाची पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेल वरच्या खुणेच्याही पार वर होतं.

"वाढलंय," तो म्हणाला.

"तेल वाढतं कसं? गाडी काय दूध देते?"

भावेशनं पट्टी नाकाशी नेली आणि मग आभापुढं धरली. तिनं वास घेतला आणि चेहरा बाजूला केला. पेट्रोल पंपावर येतो तसा भपकारा होता.

वेणूनं अक्रोडाचा धोशा सोडला नाही, म्हणून भावेशनं आधी बारीक कॅमेरा आत घालून वाल्व्ह दाखवले. काजळी होती, काळी, खरबरीत. "पण एवढ्यानं गाडी पुलावर बसत नाही, काकी. कार्बन आहे, पण रोग तो नाही." वेणू तोंडावर आपटली. एवढ्या खात्रीनं ओरडत होती ती, आणि चुकीचं ओरडत होती. तिचे कान तापले. "मंग काय हाय, ते बोल ना," ती त्याच्यावरच खेकसली.

भावेशनं स्कॅनर लावला. "या इंजिनात दोन पंप असतात. एक टाकीत, साधा. दुसरा इंजिनच्या डोक्यावर, हाय प्रेशर. साध्या गाडीत पेट्रोल तीन-चार बारच्या दाबानं येतं. इथं ते पेटत्या सिलिंडरच्या आत घुसवायचं, म्हणून दोनशेच्या वर दाब लागतो. आता बघा, कॉम्प्युटर दोनशे मागतोय आणि मिळतायत ऐंशी. दाब मिळाला नाही की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापून टाकतो. पुलावर तेच झालं." त्यानं वरचा पंप खोलला. त्याच्या दांड्याभोवतीचं सील गेलेलं होतं. तिथून पेट्रोल झिरपून खाली तेलात उतरत होतं, कोण जाणे किती महिने. "तेल पाण्यासारखं पातळ झालंय. अशीच चालवली असती तर बेअरिंग गेली असती. इंजिन जाम."

"आनि हा माज्या चालवन्यानं झाला?"

भावेशनं आभाकडं पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "पंपच खराब आहे."

आता प्रश्न वॉरंटीचा. त्याची मुदत अजून संपली नव्हती. आभानं केबिनमध्ये बसून कंपनीच्या विभागीय कार्यालयात फोन लावला. फोटो पाठवले, वेणूकडून कळलेलं विठूच्या औषधाचंही सांगितलं. हातात कागद होते म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडचा माणूस सराईत होता. बाहेरच्या मेकॅनिकनं टाकीत औषध ओतलंय ना, मग क्लेम नामंजूर. शिवाय ड्रायव्हिंग पॅटर्न. आभा म्हणाली, "सर, सील टाकीतल्या औषधानं जात नाही. गाडीत प्रेग्नंट बाई होती. पुलावर बंद पडलीय."

"कस्टमर ओरडतोय का?"

"हो, पण—"

"ओरडू दे. ओरडून ओरडून दमतात ते. आठवडाभर ताणा, मग स्वतःच पैसे भरतात."

केबिनच्या दारात वेणू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं श्वास भरला, तोंड उघडलं, आणि तिच्या आधी आभा फुटली.

"दमतात म्हणजे? काय दमतात, सर? चौथ्यांदा आलेली गाडी आहे ही! तीन वेळा मी त्यांना काहीतरी कारण सांगून परत पाठवलंय, तुम्ही सांगितलं म्हणून! मीच सांगितलंय खोटं!" आवाज फाटला तिचा. हातातले कागद खाली पडले. सवय नव्हती तिला. वेणूला ते बघताच कळलं. राग कुठून काढावा, श्वास कुठं घ्यावा, यातलं काहीच या बाईला येत नव्हतं. "आज मंजुरी द्या, नाहीतर हे फोटो आणि पट्टीचा व्हिडिओ मी तुमच्या वरच्यांना माझ्या नावानं पाठवते. मला काढून टाका मग!"

वर्कशॉपमधली पान्यांची खटखट थांबली होती. मग पलीकडचा माणूस म्हणाला, पाठवतो मंजुरी, एवढं इमोशनल व्हायचं कारण नाही.

फोन ठेवून आभा खुर्चीत बसली. वेणूनं भगवानच्या हातातला थर्मास घेतला, झाकणात चहा ओतला आणि तिच्यापुढं सरकवला. शांत हो वगैरे म्हटलं नाही.

"मी तुला कालच बोलायला पायजे होता," आभा चहा पीत असताना ती म्हणाली. "माजा राग तुज्यावर नव्हता. काल तो बरोबर जागी नाय पडला."

"नाही काकू," आभा म्हणाली. "बरोबर जागीच पडला."

नवा पंप आला, बसला. तेल आणि फिल्टर बदलले. वेणूनं हट्टानं अक्रोडही मारून घेतला, त्याचे पैसे मात्र स्वतः भरले, कारण तो रोग नव्हता आणि ते तिनं मान्य केलं होतं.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी सगळे ओटीवर बसले होते. दीपेश म्हणाला, "मिळालं ना शेवटी सगळं? मग एवढं ओरडायची काय गरज होती?"

भगवानची मान डोलायची थांबली. वेणूनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"तू सॉरी बोललास त्या दिवशी. कोनाच्या वतीनं?"

दीपेश मोबाइलकडं बघू लागला.

"माज्या वतीनं माफी मागायची असंल तर आधी मना विचारायचा. मी नाय बोलले असते. हजार वेळा नाय."

"आई, लोक बघत होते."

"बघू दे. तो ट्रेलर आला तेव्हा कोनी नव्हता बघायला."

तेव्हा समीक्षा, जी सासूच्या रागापासून आजवर चार हात लांब राहिली होती, हळूच म्हणाली, "मी होते ना गाडीत, दीपेश. तू सर्व्हिसवाल्यांना एकदा तरी विचारलंस का, गाडी बंद का पडली म्हणून? तू फक्त आईंचा आवाज ऐकलास."

दीपेश उठून आत गेला. त्यानं त्या दिवशीही माफी मागितली नाही आणि नंतरही नाही. मायलेकरांत काही आठवडे कामापुरतं बोलणं राहिलं. समीक्षाला मुलगी झाली तेव्हा ते थोडं निवळलं; अगदी पूर्वीसारखं झालं नाही. वेणूला त्याचं दुःख होतं, पण ते कुणाला दिसू नये इतकी ती अजून रागावलेली होती.

आभाचं सांगणं मात्र तिनं पाळलं, दात ओठ खात. आठवड्यातून एकदा गाडी एक्सप्रेसवेवर, कोन गावाच्या बाजूला लांब पिटाळायची, इंजिन नीट तापू द्यायचं, खालच्या गिअरमध्ये जोर द्यायचा, तेल सांगितलेल्याच दर्जाचं घालायचं. रोज सकाळी पट्टी ओढून बघायची. प्रत्येक वेळी ती शिव्या द्यायची, की एवढी थेरं करायला लावणारं इंजिन डबेवालीच्या गळ्यात कुणी मारलं.

नव्या पंपानंतरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला ती पनवेलला गेली तेव्हा वर्कशॉपला वेळ होता, म्हणून शोरूमच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तोच गोड तोंडाचा विक्रेता एका नवरा-बायकोला तीच गाडी दाखवत होता. बाई रोडपालीच्या, सुमती नावाच्या, शिक्षिका. "छोटं इंजिन, पण ताकद बघा," तो सांगत होता. "शहरात फिरायला तर—"

"बाई," वेणू मध्येच म्हणाली, "तुमी रोज किती लांब जाता?"

विक्रेत्यानं वळून पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी गोठलं. "काकी, तुमची गाडी तिकडं, सर्व्हिसला—"

"तुला नाय विचारला."

काचेपलीकडं आभा फाइल घेऊन उभी होती. विक्रेत्यानं तिला खूण केली, येऊन हिला न्या. आभानं ती पाहिली, आणि फाइलीत मान घालून उभीच राहिली.

सुमतीबाई गोंधळल्या होत्या. "शाळेपर्यंत," त्या म्हणाल्या. "जेमतेम दीड किलोमीटर. का हो?"

वेणूनं त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.